जोर-बैठकांची वही



गहू-हरभऱ्याच्या या सदरात आज तालमीचा विषय कसा, असे तुम्हाला वाटेल. कारण सांगतो. पोलीस भरतीची जाहिरात आली की गावोगाव पोरे-पोरी पहाटे रस्त्यावर धावू लागतात, तालमीत गर्दी होते. महिनाभराने पाहावे तर निम्मी मंडळी गायब! विचारले तर उत्तर ठरलेले : "साहेब, महिनाभर घाम गाळला, पण दंडात काही फरकच नाही." काहींचा धीर सुटतो आणि ते घरी बसतात. काही जण त्याहून वाईट वाट धरतात. कोणाच्या तरी सांगण्यावरून हजारो रुपयांचे डबे आणतात, नाहीतर इंजेक्शने टोचून घेतात. वास्तविक यातल्या बहुतेकांच्या अंगात फरक पडलेला असतो. तो मोजलेला नसतो, म्हणून दिसत नाही.

गाईच्या दुधाचे आपण रोज माप घेतो. डेअरीच्या पुस्तकात सकाळ-संध्याकाळचे लिटर आणि फॅट लिहिलेले असते, म्हणूनच पेंड बदलल्यावर काय फरक पडला ते कळते. तसेच एक पुस्तक आपल्या अंगाचेही ठेवावे, एवढेच आज सांगायचे आहे.

शेतात राबतो, मग व्यायाम कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. शेतातले काम हे कष्टाचे आहेच, पण ते रोज साधारण तेवढेच असते. शरीर तेवढ्या भाराला सरावते आणि तिथेच थांबते. स्नायू वाढायला हवा असेल तर भार थोडा थोडा चढता ठेवावा लागतो. आज ८ जोर, तर काही दिवसांनी ९, मग १०. हा चढ डोक्यात ठेवून भागत नाही. मागच्या सोमवारी किती केले हे आठवले नाही, तर आज किती करायचे ते कसे ठरणार?

आधी मुळी, मग कांडी

उसाची लागण केल्यावर पहिले चारेक महिने उगवण आणि फुटवे यांत जातात. कांडी सुटते ती त्यानंतर. पहिल्या महिन्यात कोणी टेप घेऊन उसाची उंची मोजत नाही आणि वाढ दिसत नाही म्हणून लागण मोडतही नाही.

अंगाचेही तसेच आहे. पहिले चार ते सहा आठवडे जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतूंमुळे. असलेल्या स्नायूंना एकजुटीने काम करायला मेंदू शिकतो. त्यामुळे जोरांचा आकडा वाढतो, पण दंड तेवढाच राहतो. डोळ्यांना दिसेल असा स्नायू भरायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे पोरे जेव्हा तालीम सोडतात, नेमकी तेव्हाच मुळी धरलेली असते. आरसा हे सांगत नाही, वही सांगते.

वही कशी मांडावी

शाळेची १०० पानी वही पुरे. तारीख, जोर, बैठका, वजन उचलणे, झोपेचे तास आणि शेरा, असे सहा रकाने आखावेत.

१) आठवड्यातून तीन दिवस ठरवा. उदाहरणार्थ सोमवार, बुधवार आणि शनिवार. मधल्या दिवशी विश्रांती. स्नायू भरतो तो विश्रांतीत.

२) प्रत्येक प्रकार तीन फेऱ्यांत करा आणि जसा झाला तसा लिहा. "जोर ८, ८, ६" असे. नीट न उतरलेला जोर मोजू नका.

३) तिन्ही फेऱ्यांत १२ जोर स्वच्छ निघू लागले, की काम अवघड करा. जोर मारताना पाय पाटावर ठेवा.

४) वजनासाठी पोत्यात वाळू भरा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून त्यावर आकडा लिहा. सुरुवात १५-२० किलोने करून २-२ किलोने वाढवा. उचलताना गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, पोते अंगालगत घ्या. खताचे पोते एकदम उचलून जोर अजमावू नका. २०१८ पासून युरियाचे पोते ४५ किलोचे आले आहे, डीएपीचे ५० किलोचे आहे. दोन्ही नवख्याची कंबर धरायला पुरेशी आहेत.

५) शेऱ्यात खरे ते लिहा. "आज नाही, पेरणी." "दिवसभर पाठीवर फवारणी पंप, म्हणून फक्त बैठका." सुगीत खाडा पडणारच. खाड्यानंतर थोड्या कमी आकड्यापासून सुरू करा. एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा लवकर परत येते.

टेप महिन्यातून एकदाच

शिंप्याची टेप घ्या. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी, दंड, छाती, मांडी आणि कंबर मोजा. दंड खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर मोजावा. टेप आवळू नये. वजन शौचानंतर, काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर घ्यावे. पाणी आणि जेवण यांमुळे वजन रोज किलोभर इकडेतिकडे होते, म्हणून तीन दिवसांची सरासरी लिहावी. नवख्याचे वजन महिन्याला अर्धा ते एक किलो वाढले तर उत्तम समजा. वजन भराभर वाढले आणि कंबरही सुटली, तर ती चरबी आहे.

आकडा अडला तर

काही महिन्यांनी आकडा अडतो. तीन-तीन आठवडे जोर १० च्या पुढे सरकत नाहीत. अशा वेळी घाबरू नका, वही मागे चाळा. जमिनीत नत्र भरपूर असले तरी स्फुरद कमी पडले, तर पीक स्फुरदाच्या मापानेच येते. अंगाला व्यायाम, आहार आणि झोप ही तीन खते लागतात. त्यातले कोणते कमी पडले ते वहीत सापडते. झोपेच्या रकान्यात रोज पाच तास दिसले, तर दोष जोरांचा नाही. सात-आठ तास झोप हवीच. तिन्ही ठीक असतील, तर एक आठवडा निम्मेच काम करा आणि मग पुन्हा चढा.

आहाराचा हिशेब असा. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या पोराला ९० ग्रॅम झाली. अर्धा लिटर दुधात सुमारे १६, दोन अंड्यांत १२, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांत १२, १०० ग्रॅम डाळीत २२ आणि दिवसभराच्या ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ३०. बेरीज ९२! अंडी चालत नसतील तर फुटाणे खा. म्हणजे खुराक घरातच आहे, डब्याची गरज नाही. मात्र दूध सगळे डेअरीला घालू नका, पोरांसाठी घरात ठेवा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा.

इंजेक्शनांबद्दल स्पष्ट सांगतो. पुरुषी संप्रेरकांची ही औषधे स्नायू फुगवतात, पण हृदय आणि यकृत बिघडवतात आणि शुक्रजंतू घटवतात. पोराचे अंग अचानक फुगू लागले, तर आई-बापांनी वही मागावी. वहीत जोर वाढलेले नाहीत आणि दंड मात्र तीन आठवड्यांत भरला, असे दिसले तर त्याला जवळ बसवून विचारा.

पोरांपुरतेच नाही

ही वही घरातल्या सगळ्यांना लागू आहे. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातो, बाईचाही आणि पुरुषाचाही. ट्रॅक्टर आल्यापासून अंगमेहनत घटली, ती वेगळीच. आजी-आजोबांसाठी सोपे माप असे : खुर्चीवर बसून, हात छातीवर घेऊन, अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येते ते मोजा. पडण्याची भीती असेल तर कोणीतरी शेजारी उभे राहावे. आठवड्यातून दोन-तीन दिवस असे उठबस करून तोच आकडा लिहीत जा. सहा आकड्यांवरून नऊवर आलेली आजी कोणाचा हात न धरता उठते. दंड भरण्यापेक्षा हे काय कमी मोलाचे आहे?

तुलना आपली आपल्याशीच

शेजारच्या पोराने ५० जोर मारले म्हणून आपण हिरमुसू नये. त्याची जमीन वेगळी, आपली वेगळी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मधे चार वर्षांची मेहनत होती. सहावा आलो म्हणून त्यांनी माती सोडली असती, तर स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या वर्षी आले नसते.

वही एकट्याने ठेवू नका. शनिवारी तालमीत वस्तादांना दाखवा. तालीम नसेल तर घरात वडिलांनी किंवा आईने वाचावी आणि खाली सही करावी. कोणीतरी पाहते आहे म्हटल्यावर खाडे आपोआप कमी होतात. पाहणाऱ्याने मात्र आकडा लहान म्हणून हसू नये. मागच्या पानापेक्षा एक जोर जास्त असेल, तर शाबासकी द्यावी.

येत्या शनिवारी वही आणा, रकाने आखा आणि पहिल्या पानावर आजचे दंड, छाती, वजन आणि जोर खरे खरे लिहा. तीन महिने रोज आरशात पाहू नका. नव्वदाव्या दिवशी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवा आणि मगच तालीम सोडायची की नाही ते ठरवा.