आजाऱ्याचं दुखणं आणि मंडळीचा ग्रुप

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवस उजाडायच्या आत पहिली विनंती येते. ‘अमुक भगिनीचं उद्या ऑपरेशन आहे, सर्वांनी प्रार्थना करावी.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागते, ‘आमेन’ येतात, आणि थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, ‘नेमकं काय झालंय?’ मग तिचा शेजारी, नात्यातला कुणी किंवा तिला गाडीवर दवाखान्यात नेणारा तरुण सगळं सांगून टाकतो. कुठला दवाखाना, कुठे गाठ, डॉक्टर काय म्हणाले. मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत पाळक आहे, आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे. आजाऱ्याने स्वतः होकार दिल्याशिवाय त्याचं नाव आणि दुखणं ग्रुपवर टाकू नये. कितीही मायेनं टाकलं, तरी टाकू नये.

फोनवर माझा राग नाही. २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारं बंद झाली तेव्हा याच फोनने मंडळी एकत्र राहिली. आजही अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं रविवारची उपासना यूट्यूबवर ऐकतात, पुण्या-मुंबईला कामाला गेलेली मुलं झूमवरच्या प्रार्थनेला बसतात. अर्पणाच्या थैलीशेजारी क्यूआर कोड आला, गीतांचे शब्द पडद्यावर आले, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी शोधायला संगणकाची मदत होते. यातलं काहीही परत न्यावं असं मला वाटत नाही. पण कुणाच्या दुखण्याची बातमी ही उपासनेच्या वेळेची सूचना नव्हे.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका आजींच्या बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो ग्रुपवर आला. नाव, वय, दवाखान्यातला नोंदणी क्रमांक, आणि एका ओळीखाली पेनाने मारलेली रेघ. घरच्यांनी ठरवलं होतं की मुलगी-जावई येईपर्यंत थांबायचं आणि मग सगळ्यांनी मिळून आजींना सांगायचं. आजींकडे फोन नाही. पण शेजारीण गिरणीत दळणाला गेली, तिथं कुणीतरी तिला तो फोटो दाखवला, आणि ती तशीच पिठाच्या हातांनी आजींच्या दारात येऊन रडायला लागली. मी पोचलो तेव्हा आजी ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “पाळकसाहेब, साऱ्या गावाला ठाऊक झालं, मग मलाच कुणी का नाही सांगितलं?” त्यांच्या मुलापाशी याचं उत्तर नव्हतं, माझ्यापाशीही नव्हतं. फोटो टाकणारा मुलगा चांगला आहे. रक्त द्यायला सगळ्यांत पुढे असतो. त्याला त्या रिपोर्टमध्ये प्रार्थनेचा विषय दिसला, आजी दिसल्या नाहीत.

दुसरं एक घर आहे. त्यांच्या मुलीला फिट येतात. तिची आई हे मला सांगताना पदराची गाठ सोडत-बांधत होती. पुढे हे तिच्याच एका बहिणीकडून ग्रुपवर गेलं, कळकळीने, दोन वचनांसह. चालून आलेलं स्थळ परत गेलं. फिट्स येणाऱ्या मुलीचं लग्न व्हायला काहीच हरकत नाही, आणि समोरच्या घराला खरं सांगायलाही हवं. पण कधी आणि कुणाच्या तोंडून, हे ठरवायचा अधिकार त्या मुलीचा होता. त्यानंतर त्या घरी मी गेलो की चहा मिळतो, हवापाण्याच्या गप्पा होतात, आणि प्रार्थनेचा विषय विचारला की आई म्हणते, “सगळं बरं आहे.” सगळं बरं नाही हे मला कळतं. माणसं दुखावली जातात एवढ्यावर हे थांबत नाही. ती सांगायचीच बंद होतात, आणि ज्याला कुणी काही सांगत नाही त्या पाळकाने कशासाठी प्रार्थना करायची?

कंपनीने फॉरवर्डवर मर्यादा घातली आहे, असं मला सांगितलं जातं. २०१८ मध्ये अफवांमधून जमावाने माणसं मारल्याच्या घटना देशभर घडल्या, आपल्याकडे धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव गेला, आणि त्यानंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल असं व्हॉट्सॲपने ठरवलं. ते बरंच झालं. पण आमच्यासारख्या मंडळीत पाचसुद्धा लागत नाहीत. एक तरुण संघ, एक महिला मंडळ आणि एक आते-मामेभावंडांचा ग्रुप, एवढ्यात बातमी श्रीरामपूरपासून शेवगावपर्यंत जाऊन येते.

माझे काही सहकारी म्हणतात, जितके जास्त लोक प्रार्थना करतील तितकं चांगलं, लपवायचं कशाला? त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, म्हणून उत्तर पवित्र शास्त्रातूनच देतो. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची रीत सांगितली आहे. तिथं मंडळीच्या वडिलांना बोलवायचं आहे ते आजाऱ्याने. आधी त्याचं बोलावणं, मग आपलं जाणं. मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराची मुलगी गेली असं समजून घरात आकांत चालला होता. येशूने त्या सगळ्या गर्दीला बाहेर काढलं, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतलं, आणि झालेलं कुणाला कळू देऊ नका असं निक्षून बजावलं. त्या घरात प्रार्थनेला माणसं कमी पडतील अशी काळजी त्याने केली नाही.

एका ज्येष्ठ पाळकांनी यावर मला बरोबर अडवलं. त्याच अध्यायात बारा वर्षं रक्तस्राव सोसणारी बाई आहे, तिला तर येशूने गर्दीतच पुढे बोलावलं, मग? मी त्यावर पुष्कळ विचार केला. त्या गर्दीत तिचं दुखणं कोणी जाहीर केलं? पेत्राने नाही, याकोबाने नाही, येशूनेही नाही. तिने स्वतः, स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, आणि मग येशूने तिला ‘मुली’ म्हणून हाक मारली. साक्ष ती हीच. ज्या बाईला बरं झाल्यावर मंडळीपुढे उभं राहून बोलायचंय तिला आम्ही माइक देतो, वेळ देतो, आणि तिच्याबरोबर रडतोही. तिच्याआधी तिची साक्ष दुसऱ्या कुणी दिली तर ती तिच्याकडून काढून घेतल्यासारखं आहे.

मराठी ख्रिस्ती समाज यंत्राला कधीच घाबरला नाही. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली याच नगरमधून निघू लागला आणि पुढे १९१२ पासून त्याचा मराठी विभाग नारायण वामन टिळकांनी सांभाळला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी छापखाना घातला, तिथल्या बायका-मुलींनी खिळे जुळवले, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण छापून निघालं. पण छापखान्यात बातमी आणि कागद यांच्यामध्ये माणसं होती. कुणी मजकूर हाती घ्यायचं, कुणी एकेक अक्षर जुळवायचं, कुणी प्रुफं वाचायचं, आणि त्या वाटेत कुठेतरी ‘हे छापायचं का?’ असं विचारायला सवड असायची. फोनवर तेवढी सवड आपणच ठेवावी लागते.

कॅथलिक बांधवांकडे पापनिवेदनाची गुप्तता त्यांच्या १९८३ च्या कॅनन कायद्याने अभंग ठरवली आहे. २०११ मध्ये अमेरिकेत कन्फेशनचं एक मोबाइल ॲप निघालं, तेव्हा ते धर्मगुरूसमोरच्या निवेदनाची जागा घेऊ शकत नाही, हे व्हॅटिकनने लगेच स्पष्ट केलं. आम्हा प्रोटेस्टंट पाळकांना असा कायदा नाही, आणि वेगळी जागाही नाही. माणसं आम्हाला चुलीपाशी, बस स्टँडवर, दफनविधीहून परतताना सांगतात. म्हणून आम्ही अधिक जपायला हवं. शिवाय २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे, विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची माहिती त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. प्रार्थनेसाठी केलं, हे त्यावर उत्तर होत नाही.

आमच्या पास्टरेट कमिटीने यंदा ठराव केला. मोठा ग्रुप फक्त सूचनांसाठी, आणि त्यावर ॲडमिननेच लिहायचं. प्रार्थनेची विनंती असेल तर मला, किंवा नेमलेल्या दोन बायका आणि एक वडील यांच्यापैकी कुणाला तरी फोन करायचा. ती व्यक्ती आधी आजाऱ्याशी बोलेल. तो ‘नाव सांगा’ म्हणाला तर नाव, ‘फक्त ऑपरेशन आहे म्हणा’ म्हणाला तर तेवढंच, आणि ‘नको’ म्हणाला तर कुठेच नाही. रिपोर्टचा, सलाइनचा, आयसीयूतल्या माणसाचा फोटो कुणीही टाकायचा नाही. बेशुद्ध माणसाच्या बाबतीत घरातल्या जवळच्याने ठरवायचं.

यावर नाराजी आहे. नाव माहीत नसेल तर प्रार्थनेत जीव येत नाही, असं तरुण संघातल्या काहींचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. त्यांना मी सांगतो, मग माझ्याबरोबर भेटींना चला. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी घरोघर जातो, सोबत कुणीतरी लागतंच. दोघं यायला लागले आहेत. आजींच्या रिपोर्टचा फोटो टाकणारा मुलगा त्यातला एक. तो आता केमोच्या तारखा लक्षात ठेवतो, आजींना दर वेळी नगरला नेतो-आणतो, आणि ग्रुपवर त्याबद्दल काही लिहीत नाही.

धर्मप्रांतांकडे आणि पाळक घडवणाऱ्या संस्थांकडे माझी एक मागणी आहे. संदेश कसा तयार करायचा, दफनविधी कसा चालवायचा हे आम्ही शिकून येतो. पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या ठिकाणी समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात फोनसाठीही काही तास असावेत. संमती कशी विचारायची, ग्रुप कसा बांधून घ्यायचा, चुकून गेलेली गोष्ट कशी मागे घ्यायची आणि त्या घरी जाऊन काय बोलायचं, हे नव्या पाळकाला पहिल्या नेमणुकीआधी ठाऊक असायला हवं. आणि धर्मप्रांताने सगळ्या मंडळ्यांसाठी एकच नियम करावा, कारण एका मंडळीने दार लावलं तरी शेजारच्या मंडळीच्या ग्रुपवरून तीच बातमी परत येते.