विद्यार्थी पाठविणें आणि विद्यार्थी बोलावणें

पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या रोखानें जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हें गांव आहे. बाहेरच्या लोकांस हें नांव बहुतकरून तेथील शांतिवन या कुष्ठरोगनिवारणाच्या संस्थेमुळें ठाऊक. एरव्हीं भाताचीं खाचरें आणि पावसाळ्यांत फुगणारी गाढी नदी, एवढीच त्या बाजूची ओळख होती. पण २०१३ सालीं सरकारनें विमानतळाचें प्रभावक्षेत्र, ज्यास लोक ‘नैना’ म्हणतात, तें ठरविलें व नेरे त्यांत आलें. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं पनवेल तालुक्यांतच विमानतळाचें उद्घाटनहि होऊन गेलें. ज्या जमिनीचा हिशेब खंडीनें होत असे तिचा आतां गुंठ्यानें होतो. अशा या तालुक्यांत एक नवाच घरगुती प्रश्न निघूं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला आहे. परदेशच्या तंत्रविद्यापीठांत जावयाचें म्हणते. तर त्यासाठीं खाचर विकावें कीं गहाण टाकावें?

वकिलीच्या धंद्यामुळें गहाणखतें आमच्या नजरेखालून जातात, म्हणून या प्रश्नाकडे आम्ही केवळ कौतुकानें पाहूं शकत नाहीं. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जास बँका सामान्यतः तारण मागतात, आणि तारण म्हणजे बहुधा बापाचें घर. जर्मनीचेंच उदाहरण घ्या. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं, असें मध्यस्थ सांगतो आणि तें पुष्कळ अंशीं खरें आहे. पण म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानें २०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांस फी लावली, हें तो सांगेलच असें नाहीं. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून एका वर्षाच्या खर्चाबद्दल ११,९०४ युरो आगाऊ बंद खात्यांत दाखवावे लागतात. आजच्या भावानें ही रक्कम दहा लाखांच्या वर जाते, आणि हें झालें एका वर्षाचें.

विकणें आणि गहाण टाकणें यांखेरीज एक तिसरा मार्ग आहे, त्याचा विचार आमच्याकडे फारसा होत नाहीं. तो म्हणजे विद्यार्थी-विनिमय. दोन विद्यापीठें आपसांत करार करितात. आपला विद्यार्थी एक सत्र किंवा एक वर्ष त्यांच्याकडे शिकतो, त्यांचा आपल्याकडे. नांव आपल्याच पटावर राहतें, फी आपल्याच घरीं भरावयाची, तेथें बहुधा माफ. तेथील अभ्यासाचे श्रेयांक येथें जमा होतात आणि पदवी येथलीच मिळते. राहण्याजेवण्याचा खर्च चुकत नाहीं, हें आम्ही लपवूं इच्छित नाहीं. पण वरच्याच हिशेबानें महिन्यास ९९२ युरो धरले तर सहा महिन्यांचे सहा हजारांच्या आंत बसतात, आणि शिष्यवृत्ति मिळाल्यास त्याहूनहि कमी. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस यांतला फरक फोड करून सांगावयास नको.

परंतु आमचा मुद्दा केवळ स्वस्ताईचा नाहीं. महाराष्ट्राला परदेशच्या तंत्रशिक्षणाची ओळख कांहीं आजची नाहीं. समुद्र ओलांडला म्हणजे प्रायश्चित्ताचा खल सुरू होण्याच्या काळांत, इ. स. १८८२ सालीं, पुण्याचे केशव मल्हार भट हे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत दाखल झाले. त्यानंतर दोनच वर्षांनीं पुण्याच्या ‘मराठा’ पत्रानें त्या संस्थेचा नमुना आपल्या वाचकांपुढें ठेविला होता. पुढें अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला. तेथें काम पाहावयास आले ते ईश्वरदास वार्ष्णेय, उत्तरेकडचे गृहस्थ, जपानांत आणि मॅसॅच्युसेट्समध्यें शिकून आलेले. माणशीं एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या कारखान्यांत दोन परदेशांतली विद्या उतरली, आणि तेथें तयार झालेले कारागीर देशांत ठिकठिकाणीं पसरले. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ सालीं त्याच अमेरिकन संस्थेची यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परत आले. ते परत आले कारण परतावयास किर्लोस्करवाडी होती. १९१० पासून त्यांचे वडील तेथें नांगर व यंत्रें ओतीत होते. शिकलेल्या हातास भट्टी तयार होती. विद्या आणणारा एक आणि ती ठेवून घेणारें घर दुसरें. दुसरें नसेल तर पहिल्याचा दोष काढण्यांत अर्थ नाहीं.

याची सर्वांत कडू साक्ष आमच्याच जिल्ह्यांतील विद्यापीठाच्या नांवांत आहे. माणगांव तालुक्यांत लोणेरे येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें तंत्रशास्त्र विद्यापीठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव धारण करितें. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं बडोदें सरकारची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. परत येऊन दरबारची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार होता. कराराप्रमाणें ते १९१७ सालीं बडोद्यास आले. राजा गुणज्ञ, करार पक्का, विद्वान् दारांत उभा. आणि त्या शहरांत अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास खोली मिळाली नाहीं! पारशी धर्मशाळेंतूनहि त्यांना बाहेर काढण्यांत आलें आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदें सोडावें लागलें. ‘परदेशीं गेलेलीं मुलें परत येत नाहींत’ अशी हाकाटी करणाऱ्या सभागृहांतील वक्त्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. आजहि परगांवच्या किंवा परजातीच्या भाडेकरूस आडनांव विचारून मग घर दाखविणारे लोक पनवेलींत नाहींतच, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

म्हणूनच विनिमय या शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्यावर आमचा भर आहे. एक द्यावयाचा तसा एक घ्यावयाचा. पवईची तंत्रसंस्था १९५८ सालीं निघाली तेव्हां सोव्हिएट रशियाचे अध्यापक तेथें आले व येथले तिकडे गेले. मद्रासेस १९५९ सालीं जर्मनीच्या साह्यानें तसेंच झालें. आज त्या संस्थांचे बाहेरच्या विद्यापीठांशीं करार आहेत, हें ठीकच. पण पनवेलच्या किंवा लोणेऱ्याच्या मुलानें काय करावें? त्याला पवईचा दरवाजा उघडला नाहीं, म्हणून त्याच्या बापानें खाचरच विकावें काय?

कोणी म्हणेल, आमच्याकडे परदेशचा विद्यार्थी कशास येईल? येथें आहे काय? या प्रश्नांत जी दीनता आहे ती आम्हांस बिलकुल मान्य नाहीं. ज्या जिल्ह्यांतील रोह्यापासून कोंकण रेल्वे सुरू होते व २६ जानेवारी १९९८ पासून सह्याद्रीच्या पोटांतून, नद्या-खाड्यांवरून थेट मंगळुराकडे जाते, त्या जिल्ह्यांत दरडी, बोगदे आणि कोंकणचा पाऊस यांचा अभ्यास करावयास कोणत्या देशाचा स्थापत्याचा विद्यार्थी येणार नाहीं? कुष्ठरोगानें ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्याला जखम झालेली कळत नाहीं. त्याच्यासाठीं मऊ तळाची, दाब सारखा वांटणारी वहाण करणें हा यंत्रशास्त्राचा चांगला कठीण प्रश्न आहे, आणि अशीं माणसें नेऱ्याच्या शांतिवनानें आपलीं मानलीं आहेत. परदेशचा विद्यार्थी तेथें शिकेल, आणि त्याच्या बांकावर बसलेला आपला विद्यार्थी प्रथमच नेऱ्याकडे शास्त्राच्या दृष्टीनें पाहील. हा दुसरा लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

अडचण पैशापेक्षां कागदाची आहे. २०२१ पासून श्रेयांकांची पेढी झाली. मे २०२२ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें परदेशी विद्यापीठांशीं मिळून शिक्षण देण्याचे नियमहि काढले. परंतु नियम असणें निराळें आणि परीक्षाविभागाच्या कारकुनानें ते मानणें निराळें. विद्यार्थी सहा महिने बाहेर शिकून आला आणि येथें ‘हा विषय आमच्या अभ्यासक्रमांत नाहीं’ असें उत्तर मिळालें, तर त्याचें वर्ष बुडतें. यावर उपाय वकिलाच्या बुद्धीला सुचतो तोच आम्ही सांगतों: कोणता विषय तेथें शिकला असतां येथील कोणत्या विषयाऐवजीं धरला जाईल, हें जाण्यापूर्वीं लेखी ठरवावें, त्यावर दोन्ही विद्यापीठांची व विद्यार्थ्याची सही असावी, आणि ती सही झाल्याखेरीज पालकांनीं तिकिटाचा पैसा काढूं नये. तोंडी आश्वासनावर भाताचें पोतें उधार न देणारे आमचे व्यापारी बंधु मुलाचें वर्ष मात्र तोंडी आश्वासनावर देतात, हें नवल आहे.

तेव्हां लोणेऱ्याच्या विद्यापीठास व पनवेल तालुक्यांतील तंत्रमहाविद्यालयांच्या चालकांस आमची एकच मागणी आहे. परदेशी संस्थांशीं करार केल्याचीं छायाचित्रें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. यंदाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक संस्थेनें आपल्या दर्शनी फलकावर तीन आकडे लिहावे: करार किती, त्यांतून गेले किती, आणि आले किती.