विश्लेषण : सत्ताधाऱ्याला देव कोण करते? औंधचे मंदिर, चिंचवडचे ‘देव’ आणि अथेन्सचा ठराव

पुण्यात औंध येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भाजपच्या एका कार्यकर्त्याने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे मंदिर उभारले. राष्ट्रवादी काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आंदोलन केले, समाजमाध्यमांवर थट्टा झाली आणि काही दिवसांतच पुतळा तेथून हलला. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजकोटमधील अशाच मंदिराबद्दल खुद्द मोदी यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. ज्याला देव करायचे त्याची इच्छा नसतानाही मंदिर होते; मग ते हवे असते कोणाला? या प्रश्नाचे जुने उत्तर जवळच्याच चिंचवडमध्ये सापडते.

चिंचवडचे ‘देव’ कोण होते?

गणेशभक्त मोरया गोसावी यांची समाधी पवनेकाठी आहे. ‘गणपती बाप्पा मोरया’मधला मोरया तो हाच, असे मानले जाते. त्यांच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश राहील अशी श्रद्धा होती आणि घराण्याचे आडनावही ‘देव’ असे रूढ झाले. कॅप्टन एडवर्ड मूर या इंग्रज अधिकाऱ्याने १८०० मध्ये चिंचवडला भेट देऊन या ‘वंशपरंपरागत जिवंत दैवता’वर लेख लिहिला. १८०९ मध्ये आलेल्या मारिया ग्रॅहम यांना मात्र त्या पुरुषात दैवी असे काही दिसले नाही.

पण नुसत्या श्रद्धेवर संस्थान चालत नाही, त्याला गावे लागतात. आख्यायिका अशी, की औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी गोमांस पाठवले, देवांनी ते उघडले तेव्हा त्यात फुले निघाली आणि बादशहाने आठ गावे इनाम दिली. चमत्कार बाजूला ठेवला तरी गोष्टीचा शेवट बोलका आहे : देवत्व सिद्ध झाले आणि लगेच सनद निघाली. पुढे मराठे आणि पेशव्यांनीही हे संस्थान सांभाळले. राजाने गावे द्यायची, देवाने राजाला आशीर्वाद द्यायचा, असा हा दुहेरी व्यवहार होता.

१८१० मध्ये सातवे देव निपुत्रिक वारले. सात पिढ्यांची मुदत संपली, म्हणजे देवत्वही संपले. इनामे? पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार, मौल्यवान इनामे हातची जाऊ नयेत म्हणून पुजाऱ्यांनी सखारी नावाच्या दूरच्या नातेवाइकाला वारस केले. अंश गेला, उत्पन्न राहिले.

अथेन्समध्ये काय घडले?

प्राचीन ग्रीसमध्ये हाच व्यवहार राजाबरोबर थेट होत असे. इ.स.पू. ३०७ मध्ये मॅसिडोनियन सेनानी डेमेट्रियसने अथेन्सला जुन्या राजवटीतून सोडवले. नगराने त्याला आणि त्याचा पिता अँटिगोनस याला ‘तारणहार देव’ ठरवले, वेदी बांधली, पुजारी नेमला, दोघांच्या नावाने नागरिकांचे दोन नवे गट केले. हे सगळे रीतसर ठराव करून! पालिकेच्या सर्वसाधारण सभेत चौकाला नाव देण्याचे ठराव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. पुढे डेमेट्रियसचा मुक्काम थेट अथेना देवीच्या पार्थेनॉन मंदिराच्या मागच्या भागात पडला.

इ.स.पू. ३०१ मध्ये इप्ससच्या लढाईत अँटिगोनस मारला गेला, डेमेट्रियस पळाला. तो अथेन्सकडे येऊ लागला तेव्हा नगराचे दूत वाटेतच भेटले. कोणत्याही राजाला आत घ्यायचे नाही, असा नवा ठराव झाला होता. धान्य आणि संरक्षण देईल तोवर देव, असा अथेन्सचा रोकडा हिशेब होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

मग बिल कोण भरते?

देव करणाऱ्याला वतन, पद किंवा प्रसिद्धी मिळते, देव होणाऱ्याला वलय. या दोघांव्यतिरिक्त एक तिसरा असतो, त्याला कोणी विचारत नाही. चिंचवडच्या देवांना कोकणातून स्वस्त दराने भात, मीठ आदी माल घेण्याची सवलत जुन्या राजवटीपासून होती. बाजारभाव आणि देवांचा भाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशातून जात होता. शिवाजी महाराजांनी ही पद्धत बंद केली. देवस्थानाला लागणारा माल सरकारी कोठारातून द्यावा, असा हुकूम काढला. देवांचा मान राखला, पण खर्च रयतेवरून काढून दौलतीवर घेतला.

औंधमध्ये या तिसऱ्याची आठवण कोणाला झाली नाही. मंदिर बांधणारे आणि त्याविरुद्ध आंदोलन करणारे, दोघांचेही फोटो छापून आले. लोकप्रतिनिधीला रस्त्याचा, पाण्याचा, कराचा जाब विचारता येतो. देवाला फार तर नवस बोलता येतो. आपल्या नेत्याला मखरात बसवण्याची घाई कार्यकर्त्याला का असते, हे त्यावरून कळते.