सावंगीच्या वर्गात पडदा आला, रुग्णाची बोली कधी येणार?

'शिक्षणात तंत्रज्ञानाचे महत्त्व' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप. मुलं पाठ करून लिहितात, आपण दहापैकी सात गुण देतो आणि वही मिटते. आज त्याच विषयावर मी स्वतः लिहायला बसले आहे, आणि तेही आमच्या जिल्ह्यातल्या एका गावाच्या निमित्ताने.

सावंगी (मेघे) म्हणजे वर्धा शहराला लागूनच. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशी महाविद्यालयं त्याच्याबरोबर आहेत आणि २००५ मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज तिथल्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा, चार भाषा कानावर पडतात. मुलं देशभरातून येतात. पण रस्त्यापलीकडे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात जो रुग्ण येतो तो देवळीचा, आर्वीचा, हिंगणघाटचा, नाहीतर यवतमाळकडचा. तो एकच भाषा बोलतो, आणि तीही पुस्तकातली नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी वैद्यकीय शिक्षण घेते. सुट्टीत घरी आली की भेटायला येते. मागच्या वेळी तिने मला मोबाईलवर माणसाचं हृदय दाखवलं. बोटाने फिरवलं की फिरतं, झडपा उघडतात, रक्त कुठून कुठे जातं ते रंगात दिसतं. मी थक्क झाले. आमच्या वेळी जीवशास्त्राच्या सरांनी खडूने फळ्यावर काढलेलं हृदय वांग्यासारखं दिसायचं! त्यामुळे तंत्रज्ञान नको असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. सुई टोचायला आधी पुतळ्यावर शिकावं, मग माणसावर. यात वाद घालण्यासारखं काही नाही. न समजलेलं व्याख्यान रात्री परत ऐकता येतं, हेही चांगलंच.

माझं म्हणणं वेगळं आहे. ते फिरणारं हृदय जगात कुठेही मिळतं. सावंगीत बसून बघा, नाहीतर लंडनमध्ये. इथेच मिळेल आणि दुसरीकडे मिळणार नाही असं जे आहे, ते मात्र कोणत्याच पडद्यावर नाही. ते म्हणजे रुग्ण आपलं दुखणं कसं सांगतो.

बाई म्हणते, "दोन महिने अंगावर काढलं." शब्दकोश उघडून बसलेल्या मुलाने यातून काय घ्यायचं? 'अंग' कळलं, 'काढणं' कळलं, अर्थ हातातून निसटला. तिने दोन महिने उपचार न घेता त्रास सोसला, आणि निदानासाठी तीच गोष्ट महत्त्वाची होती. सासू सांगते, "सुनेला दिवस गेले." आता यात दिवस कुठे गेले नाहीत, उलट घरात पाळणा हलायची तयारी आहे. म्हातारा म्हणतो, "फोटो काढला होता ना मागं." तो एक्स-रेबद्दल बोलतोय. "कालपासून कसकस वाटते, जीव घाबरते, हातापायाले मुंग्या येते." आणि कपाशीच्या हंगामात "फवारणीले गेलो होतो" हे तीन शब्द कुणी नीट ऐकले नाहीत, तर काय होऊ शकतं हे विदर्भाला सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

माझ्या मावशीचंच सांगते. वर्ध्याबाहेरच्या एका मोठ्या दवाखान्यात होती. शिकाऊ डॉक्टर पोरगा भला होता, नम्र होता. मावशी बोलत होती, तो मान हलवत होता आणि मोबाईलमध्ये काहीतरी टाइप करत होता. तो गेल्यावर मावशी मला म्हणाली, "बाई, त्याले काहीच नाही समजलं, पन पोरगं चांगलं आहे." शेवटी सफाईच्या मावशींनी मध्ये पडून हिंदीत सांगितलं तेव्हा गाडी पुढे सरकली.

यावर कुणी म्हणेल की ही भाषा मुलं वॉर्डात आपोआप शिकतात. शिकतात, खरं आहे. पण कुणाच्या जिवावर?

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला. गंमत म्हणजे त्यात स्थानिक भाषा आणि संगणक कौशल्य एकाच शीर्षकाखाली आहेत. कागदावर दोघी शेजारी बसल्या आहेत, त्यांची ओळख करून देणं तेवढं बाकी आहे. आणि ज्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत हाताने काम करत आणि मातृभाषेतून शिकण्याचा आग्रह धरला गेला, तिथे हे करायला नको तर कुठे?

काय करता येईल, तेही सांगते. लॉकडाऊनमध्ये मी झूमवर कविता शिकवत होते. समोर काळे चौकोन. "मॅडम, आवाज येत नाही" एवढंच ऐकू यायचं. एका मुलीच्या घरी एकच मोबाईल, तो दिवसभर बाबांबरोबर शेतात. शेवटी मी वैतागून चार-चार मिनिटांचे आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅपवर टाकायला लागले. नेट कमी लागतं, डोळे लागत नाहीत, रात्री बाबा घरी आले की ऐकता येतं. ती मुलगी नियमित ऐकायची, आणि उलट आवाजातच प्रश्न विचारायची.

तसंच इथे करावं. रुग्णाची मराठीत समजावून सांगून परवानगी घ्यायची, नाव-गाव काढून टाकायचं, चेहरा तर नकोच. दोन मिनिटांचा आवाज. "काय होतं तुम्हाला?" या प्रश्नाला त्याने दिलेलं उत्तर, जसंच्या तसं. मग वॉर्डात वीस वर्षं काढलेल्या सिस्टरने त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ सांगायचा. वॉर्डात पाऊल टाकण्याआधी मुलांनी असे शंभर आवाज ऐकलेले असावेत. याला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो शिक्षकांचा वेळ, आणि तो विद्यापीठाने त्यांच्या कामात धरायला हवा. नाहीतर पहिल्या महिन्यात उत्साह, दुसऱ्या महिन्यात फाईल.

हे आता का, असं विचाराल तर एक कारण आहे. २५ मार्च २०२० ला देशात टेलिमेडिसिनचे मार्गदर्शक नियम निघाले. म्हणजे आज शिकणारा डॉक्टर उद्या मोबाईलवरून रुग्ण तपासणार. तिथे पोट दाबून बघता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. बराचसा भार रुग्णाच्या शब्दांवर येतो. तंत्रज्ञान जितकं पुढे जाईल, तितकी बोली जास्त लागेल.

माझ्या विद्यार्थिनीला मी हे बोलले, तर तिने सुट्टीतच आजीचा आवाज रेकॉर्ड केला आणि केरळच्या मैत्रिणीला पाठवला. मैत्रिणीने परत विचारलं, "कसकस म्हणजे नेमकं काय? ताप की अंगदुखी?" प्रश्न माझ्याकडे आला. मी तीस वर्षं मराठी शिकवते. मला एका शब्दात सांगता आलं नाही, म्हणून आम्ही परत आजीलाच विचारायला गेलो.