रानांतील तबकडी

नाताळच्या सुटींत सहकुटुंब नवेगांवबांधास मुक्काम करावा असें आमच्या घरांत ठरलें, आणि लागलाच एक वाद उपस्थित झाला. आमच्या थोरल्या वहिनींचें वय ऐंशीच्या पुढें गेलें आहे. गुडघ्यांमुळें त्यांस बांधावर चढवत नाहीं, आणि सायंकाळीं सह्याद्री वाहिनीवरील मराठी बातम्या ऐकल्यावांचून त्यांस चैन पडत नाहीं. त्या घरीं राहिल्या तर धाकट्या सूनबाईंसही राहणें आलें. "मग दूरचित्रवाणीच बरोबर घेऊं," असें आम्हीं सुचविलें. "रानांत जाऊन तेंच पाहावयाचें काय?" असें तरुण मंडळी म्हणाली. प्रश्न खोटा नव्हता. परंतु ज्या सोयीवांचून घरांतील दोन माणसें मागें राहतात, तिला चैन म्हणूं नये, असें आमचें मत पडलें. निजण्याची सोय असलेली मोटार भाड्यानें ठरविली व तिच्या टपावर साठ सेंटिमीटर व्यासाची तबकडी बांधली.

ती इतकी लहान झाली, हेंच नवल होय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षांत 'एटीएस-६' नांवाच्या अमेरिकन उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस शिक्षणपर कार्यक्रम दाखविण्यांत आले. आमच्या शेजारचीं रायपूरकडील खेडीं त्यांत होतीं, महाराष्ट्र नव्हता. त्या वेळच्या जाळीच्या तबकड्या दहा फूट रुंद असत. पुढें उपग्रह अधिक आखूड लहरी सोडूं लागले. आणि लहर जितकी आखूड, तितकी लहान तबकडी पुरते. दूरदर्शनची विनामूल्य सेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली. ती हल्लीं 'जीसॅट-१५' वरून येते. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारें ३६,००० किलोमीटर उंच आहे. पृथ्वीबरोबर तोही फिरतो. म्हणून आपणांस एकाच जागीं स्थिर असतो.

नवेगांवबांधाहून पाहतां तो दक्षिणेपासून पूर्वेकडे ३४ अंश वळून व क्षितिजापासून ६१ अंश उंच आहे. यावरून जागा निवडण्याचा नियम निघतो: त्या दिशेस झाड असल्यास त्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडें अधिक अंतर सोडावें. पन्नास फुटी साग असेल तर तीस फूट दूर उभें राहावें. आमच्या मुक्कामाच्या जागेहून त्या दिशेस तळेंच होतें; आकाश मोकळें मिळालें.

होकायंत्र लोखंडी मोटारीजवळ फसवितें, म्हणून आम्हीं सूर्यसिद्धान्तांतील शंकुच्छायेचा आश्रय केला. सपाट जमिनींत काठी उभी पुरली. तेथील मध्यान्ह नाताळाच्या सुमारास घड्याळांत बारा वाजून दहा मिनिटांनीं होते. त्या वेळची सावली नेमकी उत्तरेस पडते. तिच्या उलट दिशेनें तीन हात दक्षिणेस गेलों, तेथून काटकोनांत दोन हात पूर्वेस वळलों व तेथें खुंटी ठोकली. काठीपासून खुंटीकडे पाहिलें कीं चौतीस अंश साधतात. मग तबकडीच्या पाठीवरील अंशपट्टीवर ६१ चा आंकडा लावला. (तबकडीचें तोंड दिसावयास पुष्कळ खालीं असतें, म्हणून तें वर करण्याचा मोह आवरावा, तिची रचनाच तशी तिरकी असते.)

इतकें होऊनही पडदा काळाच! आम्हीं गणित दोनदां तपासलें, जोडणीच्या तारेस दोष दिला, मोटारीच्या विजेस दोष दिला. तेवढ्यांत आमच्या बारा वर्षांच्या नातीनें दोऱ्यास किल्ली बांधून ओळंबा केला व खांबाशेजारीं धरला. "आजोबा, गणित बरोबर आहे, पण खांबच वाकडा आहे!" खांब चार अंश कलला होता. अंशपट्टीवरील आंकडे खांब सरळ असेल तरच खरे. आणि येथील एका अंशाची चूक उपग्रहाच्या अंतरावर सहाशें किलोमीटरांहून अधिक होते. चाळीस वर्षें मुलांस 'पाया आधीं तपासा' म्हणून बजावणाऱ्या आम्हांस हें सुचलें नाहीं, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे. खांबाखालीं दगड सारून तो उभा केला, तबकडी बोटबोटभर फिरविली, पुढील एल्‌एन्‌बी थोडा पिळला, आणि चित्र उमटलें.

आवाज मोटारीबाहेर जाऊं नये व बातम्या संपतांच यंत्र बंद व्हावें, असे दोन नियम आम्हीं घातले होते. रान हें कांहीं आपलें दिवाणखान्याचें दालन नव्हे. सायंकाळीं वहिनी बातम्या ऐकत बसल्या आणि धाकट्या सूनबाई प्रथमच सर्वांबरोबर बांधावर फिरून आल्या. परत येतांच त्यांनीं वहिनींस तळ्यावर कोणकोणते पक्षी दिसले तें सांगितलें, आणि वहिनींनीं त्यांस जगांत काय काय घडलें तें सांगितलें. तरुण मंडळींचा वाद त्या रात्रीं पुन्हां निघाला नाहीं.

सहलीस निघणाऱ्या वाचकांनीं सामानांत एक कोनमापक, एक दोरा व एक किल्ली अवश्य ठेवावी.