लिहिणारास ऐकणारा हवा

आमच्या एक जुन्या वाचक भगिनी गेल्या वर्षीं लेकीच्या बाळंतपणासाठीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत जाऊन राहिल्या होत्या. दुपारीं बाळ-बाळंतीण निजलीं म्हणजे त्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन बसत. तेथें एके दिवशीं सूचना लागलेली दिसली: आठवड्यांतून एकदां दोन तास लेखनाचा वर्ग, कोणींही यावें, शुल्क नाहीं. संकोच सोडून त्या गेल्या, आणि आपल्या आतेसासूबाईंविषयीं साध्या इंग्रजींत दीड पान लिहून आल्या. या बाई चवदाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परतल्या आणि जन्मभर साऱ्या घरासाठीं रांधीत राहिल्या. “घरच्या एकाही छायाचित्रांत त्यांचा चेहरा नाहीं,” असें भगिनींनीं आम्हांस कळविलें आहे.

ही वार्ता पुण्यास पोंचली तेव्हां धाकट्या दिरांचा फोन आला. “वहिनी, घरची गोष्ट अशी परक्यांपुढें मांडायची का?” भगिनी विचारतात, “भाऊजींचें चुकलें असें म्हणवत नाहीं, आणि वही मिटावी असेंही वाटत नाहीं. काय करावें?”

दिरांच्या बोलण्यास कोणीं हंसूं नये. एकत्र कुटुंब टिकतें तें पुष्कळदां न बोललेल्या गोष्टींवरच. दहा माणसांच्या घरांत प्रत्येकानें आपली बाजू चवाठ्यावर नेली, तर रात्रीं एका पंगतीस बसणें अवघड होईल. प्रश्न एवढाच, कीं ग्रंथालयांतील ती खोली म्हणजे चवाठा आहे काय?

भगिनींनीं त्या वर्गाची जी पद्धत कळविली आहे, ती मूळची मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील अ‍ॅम्हर्स्ट गांवची. बालपण दारिद्र्यांत व कांहीं काळ अनाथालयांत काढलेल्या पॅट श्नायडर या कवयित्रीनें १९८१ सालीं तेथें लेखक-कलावंतांची संस्था स्थापिली, आणि पुढें चिकोपी येथें सरकारी वसाहतींत राहणाऱ्या गरीब स्त्रियांसाठीं असा वर्ग चालविला. २००२ सालीं निघालेल्या ‘न्यूयॉर्क रायटर्स कोअलिशन’ या संस्थेनें तीच रीत मोफत वर्गांच्या रूपानें न्यूयॉर्कमध्यें ठिकठिकाणीं नेली.

नियम थोडे आहेत. वर्ग चालविणाराही सर्वांबरोबर लिहितो. वाचून दाखविण्याची सक्ती नाहीं. जें वाचलें जाईल तें कल्पित समजावयाचें. ऐकणारानें ‘तुमच्या सासूबाई’ असें म्हणावयाचें नाहीं, ‘गोष्टींतील सासूबाई’ असें म्हणावयाचें. खोलींतील गोष्ट खोलीबाहेर न्यावयाची नाहीं. नुकत्याच लिहिलेल्या मजकुराचे दोष काढावयाचे नाहींत. मनांत काय राहिलें तेवढेंच सांगावयाचें. हा शेवटचा नियम प्रथम आम्हांस फाजील लाडाचा वाटला. परंतु दोषचिकित्सा तेथें वर्ज्य नाहीं. लेखनावर पुन्हां हात फिरल्यावर ती येते. रोप लावल्याबरोबर मूळ उपटून पाहणारा माळी शहाणा नव्हे. असे निर्बंध पाळणारी खोली चवाठा नव्हे. आपल्या माजघरांतही एवढी गुप्तता क्वचितच पाळली जाते!

‘शुल्क नाहीं’ या दोन शब्दांचें महत्त्वही थोडें नाहीं. शंभर रुपये मागावयाचे, तर घरांत कारण सांगावें लागतें. आणि आपल्याला लिहावेंसें वाटतें हें कारण सांगण्याचा धीर पुष्कळ स्त्रियांस, आणि निवृत्त झालेल्या पुरुषांसही, होत नाहीं. मोफत दारांतून माणूस कारण न देतां आंत येतो.

आंत आल्यावर त्यास मिळतो तो मुख्यतः ऐकणारा. याच अ‍ॅम्हर्स्ट गांवीं एमिली डिकिन्सन या कवयित्रीनें आपल्या कविता हातानें शिवलेल्या वह्यांत लिहून ठेवल्या; १८८६ सालीं ती वारल्यावर त्या वह्या बहिणीस सांपडल्या. आपल्या खानदेशांत बहिणाबाई चौधरींस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या तोंडच्या ओव्या सोपानदेवांनीं टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ सालीं बाई गेल्यानंतर १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानें त्यांचें पुस्तक निघूं शकलें. ज्या घरांत असा मुलगा वा अशी बहीण नाहीं, तेथील ओव्यांचें काय झालें असेल?

घराची लाज जाईल ही भीति मात्र आम्हांस खरी वाटत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांनीं १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त संसारांतील रुसवे, ओढाताण, ताटातूट यांपैकीं कांहीं झांकलें नाहीं. त्यामुळें टिळकांचें घर लहान न होतां मराठी वाचकांस तें आपलेंसें झालें.

नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें. गांवोगांवच्या अशा संस्थांनीं आपल्याला वाचावयास शिकविलें आणि व्याख्यानें ऐकण्याची संवय लाविली. आठवड्यांतून दोन तास एक खोली, दहा खुर्च्या आणि वरील नियम, एवढें जमविणें चालकांस अवघड नाहीं. घरच्यांनीं तेवढा वेळ स्वयंपाकघराची किल्ली दुसऱ्या हातीं द्यावी, म्हणजे झालें.

भगिनींस आमचें सांगणें हें, कीं वही मिटूं नये. मात्र वर्गांत वाचणें वेगळें आणि छापणें वेगळें. छापण्यापूर्वीं घरांतील माणसांस तें ऐकवावें. त्यांचें दुसरें पत्र परवांच आलें. पुण्यास परतल्यावर त्यांनीं तें दीड पान मराठींत करून दिरांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “वहिनी, एक चुकलें आहे. आत्या चहा कपानें पीत नसे; पितळेच्या वाटीनें पीत असे. तें घाला.”