रत्नागिरीत फुकट काय आहे? जवळजवळ सगळंच. म्हणूनच काळजी वाटते.

"रत्नागिरीत बघण्यासारखं आहे काय?"

सुट्टी लागली की हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. एक मुंबईहून आलेले पाहुणे. त्यांना माफ. दुसरी आपलीच माणसं, जन्म इथे गेलेली. मिरजोळ्यातून रविवारी पोरांना कुठे न्यायचं म्हटलं की यांना आधी मॉल आठवतो, मग वॉटरपार्क आठवतो, आणि ते इथे नाही म्हणून ही घरी बसून मोबाईल बघतात.

मंडळी, आज जरा स्पष्ट लिहितो. राग आला तरी चालेल.

आपल्या गावापासून शहर किती लांब? एमआयडीसीतून शिफ्ट संपवून माणूस संध्याकाळच्या आत मांडवीला पोचतो. मांडवीच्या जेट्टीवर बसायला पैसे पडत नाहीत. किल्ल्याच्या एका अंगाला काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांची वाळू, आणि दोन्हीकडे तिकीट नाही. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ, पलीकडच्या टेकाडावर १८६७ सालचं दीपगृह, बुरुजावर उभं राहिलात की तिन्ही बाजूंना समुद्र. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. भाट्याला सुरूचं बन आहे, झरी विनायक आहे. खिशात भेळेपुरते पैसे असले की चौघांचा रविवार झाला.

समुद्र नको असेल तर टिळक आळीत जा. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य जिथे जन्मले ती जागा चार पावलांवर आहे. शाळेत भाषण पाठ करून घेताना आपण पोरांना "टिळक रत्नागिरीत जन्मले" एवढंच सांगतो. ओटी, माजघर, परसू दाखवायला किती जण नेतो?

तिथून पतितपावन मंदिर. १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशाने ते उभं केलं, सावरकरांच्या पुढाकाराने, आणि दार सगळ्या जातींना उघडं ठेवलं. ज्या काळात कोण कुठल्या पायरीपर्यंत येऊ शकतो हे ठरलेलं होतं, त्या काळात या गावातल्या एका श्रीमंत माणसाने पैसा खर्च केला तो दार उघडण्यासाठी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. म्हणजे टिळक जन्मले तेव्हा ते २८ वर्षांचं झालं होतं! इतक्या आधीपासून इथे लोक एकत्र येऊन पुस्तकं वाचत होते, आणि आपण म्हणतो इथे काही नाही.

थिबा राजाचं तर काय सांगायचं. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला, पुढच्या वर्षी राजाला राणीसकट इथे आणून ठेवलं. राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच गेला. समाधीही इथेच. ब्रह्मदेशातून माणसं ती समाधी बघायला येतात. ती नेमकी कुठल्या रस्त्याला आहे हे रत्नागिरीतल्या दहा जणांना विचारा, आणि उत्तरं मोजा.

आणि आपला सडा! ज्याला आपण "काय नाय ओ, नुसता कातळ" म्हणतो तो. जून-जुलैमध्ये या सड्यांवर दिपकाडी फुलते. शास्त्रीय नावातच 'कोंकणेन्स' आहे, इतकी ती इथली. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी खोदलेली चित्रं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत, सडे पायी तुडवत ती शोधली. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्या यादीतल्या नऊ ठिकाणांपैकी सात एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली. उक्षी आणि जांभरुण तर आपल्याला जवळ. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. जगाने दखल घेतली, आपण अजून तिथे प्लॉट पाडायला निघालोय.

तर बघण्यासारखं नाही, हे खोटं आहे. खरा प्रश्न दुसरा आहे.

पर्यटनाचा विकास म्हटला की आपल्याकडे काय डोळ्यांसमोर येतं? सेल्फी पॉइंट. रंगीत लाइट. कमान, त्यावर नावं. आणि मग हळूच एक खिडकी, तिच्यात बसलेला पावतीवाला. आधी पार्किंगचे पैसे, मग प्रवेशाचे, मग कॅमेऱ्याचे. कोणी विचारलं की उत्तर तयार: "मेंटेनन्सला पैसा लागतो."

लागतो. मान्य. झाडगावच्या मत्स्यालयात मासे पाळायचे, देवमाशाचा सांगाडा सांभाळायचा, त्याला खर्च आहे, तिथे तिकीट घ्या. कोणी काही बनवलं, चालवलं, त्याचे पैसे घेणं गैर नाही. पण सूर्यास्त कोणी बनवला? भरती कुठल्या कंत्राटदाराने आणली? जे कोणी बनवलं नाही त्याच्यापुढे दोरी बांधून पावती फाडायची, याला विकास म्हणायचं नाही.

दुसरं उत्तरही ठरलेलं: "फुकट ठेवलं की लोक घाण करतात." अहो, तिकीट घेतलेल्या जागी लोक घाण करत नाहीत? बाटली टाकणारा तिकीट काढूनही टाकतो, उलट "पैसे भरलेत" म्हणून जास्त टाकतो. घाण थांबते ती कचऱ्याचा डबा असला, तो रोज रिकामा झाला आणि चुकणाऱ्याला दंड झाला तर. यातलं कुठलं काम प्रवेशद्वाराच्या कमानीने होतं?

तिसरं: "पर्यटक आले तर रोजगार येतो." येऊ दे की. पण पर्यटक इथे येतो तो मोकळ्या किनाऱ्यासाठी. लाइट-शो त्याच्या शहरात पण आहे. आपली फुकट जागा बिघडवून त्याला त्याच्याकडचीच वस्तू विकायची, हा धंदा म्हणूनही आतबट्ट्याचा आहे. आणि नारळपाणीवाला, भेळवाला, घरगुती खानावळवाली बाई, यांचं पोट भरतं ते मोकळ्या येणाऱ्या गर्दीवर. दारातच शे-दोनशे रुपये काढून घेतलेला माणूस आत भेळ खात नाही.

हे सगळं कोणासाठी लिहितोय? ज्याला गोव्याला जाणं परवडतं त्याच्यासाठी नाही. एमआयडीसीत कंत्राटी कामावर जाणारी पोरगी, आठवड्याला एकच सुट्टी. खोली करून राहणारे कॉलेजचे विद्यार्थी. कामगार म्हणून परप्रांतातून आलेली कुटुंबं, ज्यांचं घर म्हणजे एक खोली. पेन्शनीतली आजी. यांच्यासाठी समुद्राकाठचा बाक हीच बाग, हाच क्लब, हीच हवापालट. तिथे वीस रुपये लावले की पैसेवाल्याला फरक पडत नाही. यांचा मात्र पाच जणांचा शंभर रुपये होतो आणि बेत रद्द होतो.

आणि फुकट जागासुद्धा खऱ्या अर्थाने फुकट नसते. तिथे पोचायला पैसे लागतात. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. चांगली योजना. पण सवलत वापरायला बस लागते! सूर्यास्त बघून परतायला बस नसेल तर रिक्षा करावी लागते, आणि सवलतीत वाचले त्याच्या कितीतरी पट त्यात जातात. शिवाय बायका जिथे जातात तिथे स्वच्छ मुतारी नसेल, तर ती जागा बायकांसाठी उघडी आहे असं म्हणताच येत नाही. तासाभरात घरी परतावं लागतं, हे कुठल्याही बाईला विचारा.

जगात हे भांडण नवीन नाही. केनियाची राजधानी नैरोबी. तिथल्या मधोमध उहुरू पार्क आहे, गरीब माणसाने रविवारी पोरंबाळं घेऊन बसायची जागा. १९८९ मध्ये सत्ताधाऱ्यांनी तिथे साठ मजली टॉवर बांधायचं ठरवलं. वांगारी मथाई नावाच्या बाईने पत्रं लिहिली, आवाज उठवला. संसदेत तिची टिंगल झाली. पण टॉवर झाला नाही, पार्क राहिलं. त्याच बाईंना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. एका फुकट बसायच्या जागेसाठी सरकारशी भांडणं हे रिकामटेकड्याचं काम नाही, एवढं यावरून कळावं.

आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समुद्रकिनारा, वाहतं पाणी, जंगल यांचं सरकार हे विश्वस्त आहे, मालक नाही. विश्वस्ताने देवळाची जमीन विकून खाल्ली तर आपण काय म्हणतो? तेच इथे म्हणायचं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. ग्रामपंचायत, नगर परिषद, एसटी, ज्याचं काम त्याने करावं:

१. किनारा, जेट्टी, किल्ल्याची वाट, सडा इथे पायी येणाऱ्या माणसाला पैसा लागणार नाही, असा ठराव करा आणि फलक लावा.

२. नवीन कमान उभारण्याआधी मुतारी, पिण्याचं पाणी, सावली आणि बाक. या क्रमाने.

३. रविवारी आणि सुट्टीला मिरजोळे-एमआयडीसीकडून मांडवी, भाट्ये, किल्ला अशी बस, आणि परतीची फेरी सूर्यास्तानंतर.

४. ऐतिहासिक जागी मराठीत चार ओळींचा नीट फलक आणि उघडण्या-मिटण्याची वेळ.

५. आपल्या हद्दीतल्या सड्याची पाहणी करून फुलांच्या आणि कातळशिल्पांच्या जागा नकाशावर आणा, बिनशेतीचे प्लॉट पडायच्या आधी.

यातल्या कशालाही कोटी लागत नाहीत. एका लाइट-शोच्या खर्चात बरंच बसेल.

आणि आपलं काम? जाणं. जिथे माणसं जात नाहीत त्या जागेवर कुंपण पडलं तरी कोणाला कळत नाही. येत्या रविवारी पोरांना घेऊन बाहेर पडा, पिशवीत पाण्याची बाटली आणि घरचा डबा ठेवा, कचरा पिशवीतच परत आणा. भागोजीशेठांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी दार उघडायला पैसा घातला. आपल्याला दार उघडं ठेवायला फक्त पाय घालायचाय.

पुढच्या ग्रामसभेत पहिला मुद्दा मी लेखी देणार आहे. सोबत सह्या हव्यात. कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी तिकडेच भांडा, पण आधी एकदा थिबाची समाधी शोधून या.